तळ्याकाठचा आहेर

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन तर चौथीतच सुटलं, त्याची आधी माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुकांकडे बघू नये. मला बोलता येत नाही. चार माणसं समोर आली की मी काहीतरी काम शोधते. म्हणून लिहून बघते. पाच हजार एक रुपयांचं जे काही झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. लिहिताना कळेल असं वाटतंय.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक तळं आहे. कधीकाळी सरकारने बांध घातला म्हणून झालेलं, पण आता ते पहिल्यापासूनच होतं असं वाटतं. आम्ही लहानपणापासून तिथे जातो ते लाकडं आणायला, शेळ्यांना पाणी पाजायला, मोहाची फुलं वेचायला. तळं बघायला असं कधी कुणी गेलं नाही. मग काही वर्षांपूर्वी जळगावच्या एका भाऊंनी काठावरची पडीक जमीन भाड्याने घेतली आणि तिथे तंबू लावले. निळे, केशरी, हिरवे. लांबून बघितलं तर कुणीतरी ओढण्या वाळत घातल्यात असं दिसायचं.

लोक गाड्या घेऊन येऊ लागले. जळगावहून, धुळ्याहून, लांब नाशिक-पुण्याहूनसुद्धा. पैसे देऊन जमिनीवर झोपायचे. आमच्या गावात ज्यांना घरकुल मिळालं नाही ते ताडपत्रीखाली झोपतात, आणि ग्रामपंचायतीत रोज विचारायला जातात की आमचा नंबर कधी. इथे पक्की घरं असलेली माणसं कापडाखाली झोपायला वरून पैसे मोजत होती. थंडी नसली तरी शेकोटी मागायची. मी लाकडं आणायला जाते त्याच वाटेने ती पाठीला पिशव्या लावून वर चढायची आणि घामाघूम होऊन खुशीत परत यायची. एकाने मला विचारलं होतं, "ताई, इथे बघण्यासारखं काय काय आहे?" मी खूप विचार केला. मग म्हटलं, "तळं आहे." तो म्हणाला, "ते दिसलं."

तिथल्या स्वयंपाकाचं काम मला आणि माझ्या मोठ्या जाऊला मिळालं. चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, शेवभाजी, ठेचा. जाऊ बोलते आणि मी भाकऱ्या थापते, अशी आमची वाटणी आपोआप झाली. पाहुण्यांना जाऊ आवडते. मी त्यांना दिसतच नाही, आणि मला ते बरं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एक बाई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त झालेल्या. केस पांढरे, पायात मुलांसारखे बूट. एकट्याच होत्या.

"एकट्याच आल्या अक्का?" जाऊने विचारलं.

"एकटीच. का, वाघ आहे का इथे?"

"वाघ नाही हो. पण बोलायला कोण?"

"आयुष्यभर पेशंटचं ऐकलं, डॉक्टरांचं ऐकलं. आता कुणाचं ऐकायचं नाही म्हणून तर आले."

आणि मग त्या आमच्या चुलीजवळच येऊन बसल्या आणि दिवसभर बोलत राहिल्या. ऐकायचं नव्हतं त्यांना, बोलायचं नव्हतं असं कुठे म्हणाल्या होत्या. जाऊ वांगी आणायला खाली गेली तेव्हा त्या मला विचारायला लागल्या. मुलं किती, शेत किती, पोरीचं काय. त्यांच्याशी मला बोलता आलं, कसं ते माहीत नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या काडीने राख उकरत होत्या, म्हणून असेल. मी सांगितलं की येत्या रविवारी पोरीचा साखरपुडा आहे. मुलगा एरंडोलकडचा आहे, दुकानात कामाला आहे. मला जरा धाकधूक वाटते. त्या म्हणाल्या, "वाटणारच."

त्या निघाल्या त्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. त्या आल्या आणि माझ्या ओल्या हातात एक पाकीट कोंबलं. लग्नात देतात तसलं, वर सोनेरी गणपती आणि रुपयाचं नाणं चिकटवलेलं. म्हणाल्या, "पोरीचं बघा." एवढंच बोलून गाडीकडे गेल्या. जाऊ भाकऱ्यांच्या टोपलीजवळ उभी होती. तिने सगळं बघितलं.

आत पाच हजार रुपये होते, वरचं नाणं धरून पाच हजार एक.

घरी गेले तर साखरपुड्याची धावपळ. जावयाच्या कपड्यांचे पैसे कमी पडत होते. नवऱ्याने पाकीट बघितलं, काही न विचारता नोटा काढल्या आणि तसाच बाजाराला गेला. संध्याकाळी कपडे घरात आले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी रिकामं पाकीट हातात घेतलं, नाण्यावरून बोट फिरवलं.

"हाई कोना आहेर शे?" त्यांनी विचारलं. हा कुणाचा आहेर आहे?

मी सांगितलं, तंबूतल्या एक बाई आहेत, धुळ्याच्या.

"नातं?"

"नातं काहीच नाही."

"कार्य आपलं व्हतं, पाकीट तिनं दिधं. मंग आहेरच शे. फेडना पडी." कार्य आपल्या घरचं, पाकीट तिने दिलं, म्हणजे आहेरच. फेडावा लागेल.

आमच्याकडे आहेर फुकटचा नसतो. ज्याने दिला त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढा तरी परत जातोच. पण तो नुसता परत करायचा नसतो. कार्य लागतं. लग्न, बारसं, घरभरणी, काहीतरी. कार्य नसताना पैसे नेऊन दिले तर त्याचा अर्थ तुमचे पैसे आम्हाला नकोत असा होतो. तो अपमान.

हे सगळं मला तेव्हा इतकं जड वाटलं नव्हतं. म्हटलं, होईल कधी तरी. जड झालं ते पुढच्या आठवड्यात.

भाऊंनी स्वयंपाकघरात एक डबा ठेवला होता. पाहुणे वरून जे देतील ते सगळं त्या डब्यात टाकायचं आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या काम करणाऱ्यांत वाटायचं. चांगला नियम होता, कारण नाहीतर बोलणाऱ्यालाच मिळालं असतं. भाऊ आले आणि चुलीसमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज वर गेला नाही.

"वहिनी, धुळ्याच्या मॅडमनी काहीतरी दिलं म्हणे. डब्यात दिसलं नाही."

जाऊ वांगी सोलत होती. मान खालीच. तिनेच सांगितलं होतं हे मला लगेच कळलं.

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. पैसे तर संपले होते, जावयाच्या अंगावर गेले होते. मी म्हटलं, "बक्षीस नाही भाऊ. आहेर आहे. पोरीच्या साखरपुड्याचा. परत करायचाय."

"आहेर?" जाऊ म्हणाली. "तंबूवाले कधीपासून आहेर करायला लागले?"

भाऊंनी एक लाकूड चुलीत आत सारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आमच्या घरीही आहेर चालतो. आहेर असेल तर तुमचा. पण मग तो परत जाईल. परत गेला की मला सांगा. नाही गेला, तर तो बक्षीस होता, आणि बक्षीस सगळ्यांचं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते पैसे माझ्या नावावर बसले. परत केले तर मी खरं बोलले. नाही केले तर मी सगळ्यांचा वाटा खाल्ला. आणि मी खरं बोलले होते की नाही ते मलाच नक्की माहीत नव्हतं. बाई काय म्हणाल्या होत्या? पोरीचं बघा. आहेर देताना कुणी असं म्हणतं का? बक्षीस देताना तरी म्हणतं का? मी ते दोन शब्द इतक्या वेळा मनात म्हटले की त्यांचा अर्थच निघून गेला.

जाऊ रोज विचारायची. मनाने वाईट नाही ती, पण तोंडाला आवर नाही.

"काय गं, निघालं का तुझ्या धुळ्याच्या व्याह्यांकडे कार्य?"

किंवा पीठ मळताना, दुसऱ्या बायांना ऐकू जाईल असं, "आमची धाकटी आता मोठ्या लोकांत. धुळ्यापर्यंत आहेर चालतात."

बाया हसायच्या. मीही हसायचे, काय करणार.

मी पैसे जमवायला लागले. मजुरीतून थोडे, मोहाची फुलं विकली त्यातून थोडे. जवारीच्या कोठीत फडक्यात बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात तंबू बंद झाले, काम थांबलं, आणि त्यातले काही पैसे सासूबाईंच्या डोळ्याच्या औषधाला गेले. पावसाळ्यात निंदणीला जाऊन पुन्हा भरले. एवढं जमत होतं. जमत नव्हतं ते कार्य. बाईंच्या घरी काय आहे, कोण आहे, मला काहीच माहीत नव्हतं.

भाऊ एकदा गावात आले तेव्हा मी धीर करून नंबर मागितला. ते म्हणाले, "कशाला फोन करता? मी टाकून देतो त्यांच्या खात्यावर, तुम्ही मला रोख द्या. एका मिनिटाचं काम."

"आहेर असा टाकतात का भाऊ?"

त्यांनी डोकं खाजवलं. "नाही टाकत," म्हणाले, आणि नंबर दिला.

नवऱ्याचा फोन घेऊन मी गोठ्याच्या मागे गेले, तिथे कुणी ऐकत नाही. बाईंनी ओळखलं नाही. मग ओळखलं. "अरे, भाकरीवाल्या का? बोला की."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "अक्का, तुमच्याकडे काही कार्य आहे का?"

"कसलं कार्य?"

"लग्न वगैरे."

"कुणाचं? माझं?" त्या हसायला लागल्या. "मी केलं नाही तेव्हा, आता कोण करणार?"

"भाचे-पुतणे?"

"सगळे संसाराला लागले. मला पत्रिका येतात त्या त्यांच्या पोरांच्या वाढदिवसाच्या."

"नवीन घर?"

"आहे तेच गळतंय. काय झालं पण? पैसे हवेत का?"

मला इतकी लाज वाटली. त्यांना वाटलं, मी मागायला फोन केला. "नाही नाही," म्हटलं. "सहज." आणि फोन ठेवून दिला. म्हैस माझ्याकडे बघत होती. मला द्यायचे होते, आणि मागणारी ठरले. हे कसं झालं ते मी दिवसभर शोधत होते.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ना लगीन, ना पोऱ्या, ना घर. मंग काय तिना मरननी वाट दखशी?" मग काय तिच्या मरणाची वाट बघणार?

मी म्हटलं, असं बोलू नका. पण मला दुसरं काही दिसत नव्हतं. एकट्या बाईच्या घरी काय कार्य निघणार? तिने जन्मभर दुसऱ्यांच्या कार्यात पाकिटं दिली असतील. तिच्याकडे कुणी कशाच्या निमित्ताने परत नेली असतील? हा विचार आला आणि मी आणखी गोंधळले. आमच्या रीतीत अशा माणसाला जागाच नव्हती.

दिवाळीनंतर तंबू पुन्हा लागले. तळं काठोकाठ होतं. पाय मारून चालवायच्या दोन नव्या होड्या आल्या होत्या, बदकाच्या तोंडाच्या. एका सकाळी बाई गाडीतून उतरल्या. तेच बूट. हातात एक लांब पिशवी, छत्रीसारखी पण जाड.

"ह्या वेळी तुमचा तंबू नको," त्या भाऊंना म्हणाल्या. "मी माझा आणलाय. फक्त जागा द्या."

भाऊंनी काठावरची, सागाच्या झाडाजवळची जागा दिली. बाईंनी पिशवी उलटी केली. पिवळंधमक कापड, दुमडणाऱ्या काठ्या, खुंट्या. सोबत एक कागद होता, त्यावर चित्रं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. काठी एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने निघायची. मला राहवलं नाही. मी गेले आणि एक टोक धरलं. मग जाऊही आली. तिने एक खुंटी दगडाने ठोकली आणि वाकवली.

"अक्का, किती दिले ह्याला?"

"विचारू नको."

"आमच्याकडे एवढ्यात बकरी येते."

"बकरीत झोपता येत नाही."

शेवटी तंबू उभा राहिला. एका अंगाला कलला होता, पण उभा राहिला. बाई दोन पावलं मागे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. असं मी आमच्या गावात एकदाच पाहिलं होतं, घरकुलाचा स्लॅब टाकून झाला तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्याला. "जन्मात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावाचं काहीतरी उभं राहिलं," त्या म्हणाल्या. "फ्लॅटवर भावाचंही नाव आहे."

जाऊने हात झटकले. "चला, घरभरणी झाली म्हणायची अक्कांची."

"झाली म्हणा," बाई म्हणाल्या.

ती तर चेष्टाच करत होती. पण मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. घरभरणी. दोघीही म्हणाल्या होत्या. ही घरभरणी धरायची का? कापडाचं घर, दोन दिवस राहणार, मग पिशवीत जाणार. पण घर कशाला म्हणायचं? मला ठरवता येईना. जाऊला म्हटलं, "भाकऱ्या तू बघ, मी घरी जाऊन येते."

"आत्ता? आणि पाहुण्यांचं जेवण?"

मी थांबले नाही. डोंगर उतरून घरी गेले. कोठीतून फडकं आणि ते रिकामं पाकीट काढलं. सासूबाईंना विचारलं की तंबूची घरभरणी असते का. त्या ओट्यावरून माझ्याकडे वळल्या. मग विचारलं, त्यात ती झोपी का? म्हटलं, झोपणार. पाऊस उना तर आत बसी का? म्हटलं, बसेल. "मंग घर शे," त्या म्हणाल्या.

"पण त्यांनी लग्न केलेलं नाही. ओटी भरायची का नाही?"

"ते माले बी माहीत नई. नारय ली जा. नारयले कोन इचारस?" नारळ घेऊन जा, नारळाला कोण विचारतं.

आणखी एक अडचण होती. आहेर परत करताना लोक वर थोडे घालतात, म्हणजे देणं-घेणं चालू राहतं. माझ्याकडे वर घालायला होते. घातले तर बाईंच्या अंगावर माझं देणं चढणार, आणि त्यांना ही रीत ठाऊक तरी आहे का कुणास ठाऊक. नाही घातले तर आपला संबंध इथे मिटला असं होतं. मला तो मिटवायचा होता का? चढ चढताना हेच डोक्यात. फडकं सोडलं, बांधलं, पुन्हा सोडलं. शेवटी जेवढे आले होते तेवढेच पाकिटात ठेवले. ते बरोबर केलं का, अजून माहीत नाही.

वर पोचले तेव्हा जेवणं उरकली होती आणि जाऊ माझ्यावर चिडली होती. पण माझ्या हातात ताट, नारळ, हळदी-कुंकू बघून तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मी तळ्यातून तांब्या भरून घेतला. भाऊ होड्यांजवळ होते, तेही आले.

बाई तंबूच्या तोंडाशी बसून बूट काढत होत्या. "हे काय?"

मी नुसतं ताट पुढे केलं. जाऊ माझ्या मदतीला आली, तिच्या पद्धतीने. "घरभरणी आहे ना तुमची. उठा. बूट काढलेत ते बरं केलं."

"अगं, मी गंमत करत होते."

"मी पण," जाऊ म्हणाली. "ही नव्हती करत."

मी पाण्याचा तांब्या आत ठेवला. दिवा आणला होता, पण बाई म्हणाल्या, दिवा नको, कापड पेटेल. मग तो बाहेर सागाच्या मुळाशी लावला. कुंकू लावलं. त्यांनी कपाळ पुढे केलं, लहान पोरीसारखं. नारळ दिला. मग पाकीट, तेच, सोनेरी गणपतीचं.

त्यांनी पाकीट दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे ते पैसे आहेत का? गेल्या वर्षीचे?"

मी मान हलवली.

"मी परत घ्यायला नव्हते दिले."

"आहेर होता ना तो?" मी विचारलं. वर्षभर मला हेच विचारायचं होतं. "का बक्षीस होतं?"

त्या गोंधळल्या. खरंच गोंधळल्या, मला दिसलं. पाकीट उलटंपालटं करत म्हणाल्या, "मला काय माहीत. एका लग्नाला जायचं होतं, गेले नाही. पाकीट पर्समध्ये तसंच राहिलं होतं. तुम्ही पोरीचं सांगितलं आणि मला द्यावंसं वाटलं. त्याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवायचं."

म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा आहेर होता. आता हे काय म्हणायचं? मी भाऊंकडे बघितलं. भाऊ तळ्याकडे बघायला लागले.

"घ्या अक्का," जाऊ म्हणाली. ह्या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "नाहीतर ही आमच्यात खोटी पडेल. ते कसं, ते तुम्हाला सांगत बसले तर भांडी राहतील."

बाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. मग त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

जाऊने तोंडाशी हात धरले आणि लग्नात माइकवर पुकारतात तसं तळ्याकडे तोंड करून पुकारलं, "भाकरीवाल्यांकडून धुळेकर अक्कांना आहेर, पाच हजार एक." होडीतली माणसं वळून बघायला लागली. मला तंबूत शिरावंसं वाटलं, पण तो माझा नव्हता.

आहेर समोर मोजायचा नसतो. पण भाऊंसमोर सगळं व्हावं म्हणून मीच म्हटलं, "मोजून घ्या, अक्का." त्यांनी चष्मा लावला, नोटा मोजल्या, पाकिटावरचा रुपया वर धरला. भाऊंना दाखवून म्हणाल्या, "पूर्ण आले."